सीलंटचा फॉर्म्युला बदलला आहे : जुने आणि नवे एकाच बॉनेटवर कसे तपासावे

बाटलीवर ‘नवा सुधारित फॉर्म्युला’ असे छापलेले सीलंट, म्हणजे गाडीच्या रंगावर संरक्षक थर म्हणून लावायचा द्रव, हाती आले, की ते थेट संपूर्ण गाडीवर लावून टाकण्याचा मोह होतो. गाडी नुकतीच धुतलेली असते, हवा कोरडी असते, वेळही असतो. पण तसे केले, तर दोन-तीन महिन्यांनी जो प्रश्न आपल्याला पडणार असतो, त्याचे उत्तर मिळण्याची वाट आपण स्वतःच बंद करून ठेवतो. नवे सीलंट जुन्यापेक्षा जास्त टिकले की कमी, हे तेव्हा कशाच्या आधारावर सांगणार? जुन्याची फक्त आठवण उरलेली असते आणि ती आठवण वेगळ्या ऋतूतली, वेगळ्या शांपूने धुतलेल्या गाडीची असते. कधीकधी तर ती वेगळ्या रंगाच्या गाडीचीही असते.

म्हणून या लेखात मी एकच पद्धत मांडणार आहे: एकाच पत्र्यावर, एकाच दिवशी, जुने, नवे आणि काहीच न लावलेले असे पट्टे शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यांना एकत्र ऊन, पाऊस, धूळ आणि धुलाई सोसू द्यायची. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मास्किंग टेप, काही स्वच्छ मायक्रोफायबर कापडे, स्प्रेची एक बाटली, एक वही आणि भरपूर धीर एवढे पुरते.

फॉर्म्युला का बदलतो, हे आधी समजून घ्यावे

हे समजून घेणे केवळ माहितीसाठी नाही. बदल कशामुळे झाला असावा याचा अंदाज असेल, तर चाचणीत कुठे डोळे लावून बसायचे हे कळते.

आजच्या बहुतेक गाड्यांवर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. सीलंटचा थर या तुलनेत फारच पातळ, एखाद्या मायक्रॉनच्या घरातला किंवा त्याहूनही कमी असतो. त्यात मुख्यतः सिलिकोन किंवा इतर कृत्रिम पॉलिमर असतात, आणि ते पत्र्यावर सारखे पसरावेत म्हणून द्रावक आणि पाणी मिसळलेले असते. द्रावक उडून जातो, पॉलिमर मागे राहून रंगाला धरतो आणि वर जी पांढुरकी भुकटी दिसते ती आपण पुसून काढतो.

यातला कोणताही घटक बदलू शकतो. हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रावकांवर अनेक ठिकाणी कायद्याने मर्यादा आहेत, त्यामुळे द्रावकाचे प्रमाण कमी करून पाण्याचे वाढवावे लागते. सिलिकोन बनवताना वापरली जाणारी, डी४, डी५ आणि डी६ या नावांनी ओळखली जाणारी वलयाकार सिलोक्सेन संयुगे युरोपीय रसायन संस्थेने जून २०१८ मध्ये अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातली, आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाने त्यांच्यावरील निर्बंध धुऊन टाकायच्या प्रसाधनांच्या पलीकडे आणखी उत्पादनांपर्यंत वाढवले. सिलिकोनचा आधार असलेल्या मालाच्या उत्पादकांना याची दखल घ्यावी लागते. फ्लोरिनयुक्त संयुगांच्या बाबतीतही असेच घडते आहे. त्यांची मोठी उत्पादक असलेल्या ३एम कंपनीने २०२५ च्या अखेरपर्यंत त्यांचे उत्पादन थांबवण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. याशिवाय साधी कारणेही असतात: एखादा कच्चा माल मिळेनासा होतो, किंवा पुसायला जड जाते अशी ग्राहकांची तक्रार असते.

आता हे चाचणीशी कसे जोडायचे ते पाहू. द्रावक बदलला असेल, तर फरक प्रामुख्याने लावताना दिसतो: सीलंट किती लवकर सुकते, धुकट थर कसा धरते, पुसताना किती ओढते. सिलिकोन बदलले असेल, तर हाताला लागणारा गुळगुळीतपणा आणि पाण्याचे वागणे बदलते. फ्लोरिनयुक्त घटक काढला असेल, तर पाण्याचे थेंब पूर्वीसारखेच टपोरे दिसतील, पण तेलकट घाण जास्त चिकटू शकते, कारण सिलिकोन पाण्याला दूर ठेवते, तेलाला नाही. तेलालाही दूर ठेवण्याचा गुण फ्लोरिनयुक्त संयुगांचा आहे. थेंब पाहून खूश झालेल्या माणसाला हा फरक कधीच दिसणार नाही.

उत्पादकाकडून दोन्ही आवृत्त्यांची सुरक्षा माहितीपत्रके मिळाली, तर ती जरूर शेजारी ठेवून वाचावीत. या पत्रकांचे १६ विभाग ठरलेले असतात. दुसऱ्या विभागात धोके, तिसऱ्यात घटक आणि नवव्यात उकळबिंदू, ज्वलनांक, घनता, आम्लता असे भौतिक व रासायनिक गुण दिलेले असतात. तिसऱ्या विभागात बहुधा धोकादायक ठरणारे घटकच नोंदवतात, त्यामुळे तिथे संपूर्ण पाककृती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तरीही नवव्या विभागातला ज्वलनांक बदललेला दिसला, तर द्रावक बदलला आहे असे समजायला चांगला आधार मिळतो.

तुलना न्याय्य असली पाहिजे

जुन्या सीलंटची बाटली कपाटात कित्येक वर्षे पडून असेल आणि तळाशी साका धरून बसली असेल, तर तिची नव्या कोऱ्या बाटलीशी तुलना करणे म्हणजे म्हाताऱ्याला तरुणाबरोबर शर्यतीत पळवण्यासारखे आहे. शक्य असेल तर जुन्या फॉर्म्युल्याचीही न उघडलेली, अलीकडच्या बॅचची बाटली मिळवावी. ती न मिळाल्यास निदान बाटली खूप हलवून थोडा द्रव स्वच्छ काचेवर ओतून पाहावा. त्यात गुठळ्या दिसल्या किंवा पाणी वेगळे सुटलेले दिसले, तर ती चाचणीतून बाद करावी. दोन्ही बाटल्यांचे बॅच क्रमांक वहीत पहिल्याच पानावर लिहावेत. उत्पादक कधीकधी बाटलीवर काहीही न छापता फॉर्म्युला बदलतात, आणि तेव्हा हाच क्रमांक कामी येतो.

पत्रा निवडताना बॉनेट सर्वांत सोयीचे. ते बऱ्यापैकी सपाट असते, त्यावर ऊन-पाऊस थेट पडतो आणि ते रोज नजरेसमोर असते. मात्र बॉनेट नुकतेच रंगवून घेतलेले असेल, तर ते टाळावे, कारण ताज्या रंगातून द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्यावर थर चढवू नये. मॅट रंगावर किंवा संरक्षक फिल्म चिकटवलेल्या पत्र्यावर ही चाचणी करू नये. त्यांचे शास्त्र वेगळे आहे.

पत्रा कोरा करणे

सीलंट रंगाला धरते, धुळीला किंवा आधीच्या वॅक्सला नाही. म्हणून इथे घाई केली, तर पुढचे सगळे वाया जाते.

आधी बॉनेट नीट धुवावे. दोन बादल्या घ्याव्यात, एक शांपूची आणि एक साध्या पाण्याची. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खंगाळूनच पुन्हा शांपूत बुडवावा. नंतर लोहकण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर फवारावा. ब्रेकमधून उडणारे बारीक लोखंडी कण क्लिअर कोटमध्ये रुतून बसलेले असतात, आणि या द्रवातले थायोग्लायकोलेट त्यांच्याशी अभिक्रिया करू लागले, की जांभळे ओघळ दिसू लागतात. वास उग्र आणि गंधकासारखा असतो, तेव्हा हे मोकळ्या हवेत करावे, हातमोजे घालावेत आणि द्रव पत्र्यावर सुकू देऊ नये.

यानंतर तळहात पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालून बॉनेटवरून हलकेच फिरवावा. उघड्या बोटांना जो पत्रा गुळगुळीत वाटत होता, तोच पिशवीतून खरखरीत लागतो. आपल्याला न जाणवलेले कण पिशवी दाखवून देते. असे कण लागले, तर भरपूर वंगणद्रव लावून क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावा. क्लेने बारीक ओरखडे येऊ शकतात, म्हणून त्यानंतर हलके पॉलिश करून घेणे चांगले. शेवटी पॉलिशचे तेल आणि जुन्या वॅक्सचे अवशेष काढण्यासाठी पॅनेल वाइप (तेल उतरवणारा तयार द्रव) वापरावे, किंवा पाण्याने पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. शुद्ध, तीव्र अल्कोहोल रंगावर वापरू नये.

ही पायरी झाल्यावर एक साधे काम करावे, जे बरेच जण करत नाहीत: कोऱ्या बॉनेटवर पाणी फवारून त्याचे छायाचित्र घ्यावे. काही न लावलेल्या, स्वच्छ क्लिअर कोटवरही पाण्याचे थेंब बनतात. ते कसे दिसतात हे माहीत नसेल, तर पुढे प्रत्येक थेंबाचे श्रेय आपण सीलंटला देऊन मोकळे होतो.

पट्ट्यांची मांडणी

बॉनेटचे मास्किंग टेपने पाच पट्टे पाडावेत. पट्टे समोरून काचेच्या दिशेने जाणारे असावेत, आडवे नसावेत. बॉनेट पुढच्या बाजूला उतरते असल्यामुळे उभ्या पट्ट्यातले पाणी त्याच पट्ट्यातून खाली येते. आडवे पट्टे पाडले, तर वरच्या पट्ट्यावरून निघालेले पाणी आणि घाण खालच्या पट्ट्याला भोगावी लागते. प्रत्येक पट्टा साधारण वीतभर रुंद असावा, आणि टेप कमी चिकट, रंगकामासाठीची असावी.

डावीकडून क्रम असा ठेवावा: जुने, नवे, कोरा, जुने, नवे. या क्रमामागे कारण आहे. इंजिनाची उष्णता बॉनेटच्या मधल्या भागाला जास्त लागते, तर कडेच्या पट्ट्यांवरची सीलंटची पकड बहुधा गाडी कोणत्या बाजूने उन्हात उभी असते यावर अवलंबून राहते. वरच्या मांडणीत दोन्ही सीलंटना कडेचा एकेक आणि आतला एकेक पट्टा मिळतो, म्हणून जागेचा फायदा किंवा तोटा कोणा एकाच्या वाट्याला जात नाही. बॉनेटच्या मधोमध रेघ मारून डावीकडे जुने आणि उजवीकडे नवे लावण्याची सर्रास रूढ असलेली पद्धत मला म्हणूनच पटत नाही. त्यात सीलंटची तुलना होते की सावलीची, हे शेवटपर्यंत कळत नाही.

आणखी एक काळजी शक्य असल्यास घ्यावी. कोणत्या पट्ट्यावर काय आहे, हे ज्याने निरीक्षण करायचे त्याला माहीत नसावे. सीलंट लावायचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाला द्यावे, त्याने जुन्या-नव्याचा क्रम उलटायचा की नाही हे स्वतः ठरवावे आणि नकाशा कागदावर काढून पाकिटात बंद करून ठेवावा. आपण नोंदी फक्त पट्ट्यांच्या क्रमांकाने ठेवाव्यात. नव्या वस्तूबद्दल आपल्या मनात आशा असते, जुन्या वस्तूबद्दल माया असते, आणि दोन्ही डोळ्यांत उतरतात.

लावणे आणि पुसणे

गाडी सावलीत असावी आणि पत्रा थंड असावा. हाताची पालथी बाजू बॉनेटवर ठेवून सहज राहत नसेल, तर पत्रा तापलेला आहे असे समजून थांबावे. तापलेल्या पत्र्यावर द्रावक इतक्या झपाट्याने उडतो, की सीलंट पसरण्याआधीच चिकट होऊन बसते, आणि मग दोष फॉर्म्युल्यावर येतो.

प्रत्येक सीलंटसाठी वेगळे अॅप्लिकेटर पॅड घ्यावे आणि पुसण्यासाठी प्रत्येक पट्ट्याला वेगळे कापड ठेवावे. कापडांवर आधीच खूण करून ठेवावी. जुन्या सीलंटचे कापड नव्याच्या पट्ट्यावर एकदा जरी फिरले, तरी तो पट्टा भेसळीचा झाला. सीलंट मोजून घ्यावे, उदाहरणार्थ प्रत्येक पट्ट्याला वाटाण्याएवढे दोन थेंब, आणि थर शक्य तितका पातळ ओढावा. जाड थराने संरक्षण वाढत नाही. रंगाला धरण्यापलीकडचे सगळे कापडावरच जाते.

आता या चाचणीतला मला सर्वांत आवडणारा भाग. गडद रंगाच्या बॉनेटवर तिरपा उजेड पडेल असे उभे राहावे आणि डोळे पत्र्याच्या पातळीवर आणून पाहावे. आधी ओला, तेलकट तवंग दिसतो. मग कडांपासून त्याची चमक विझू लागते आणि काही मिनिटांत सगळ्या पट्ट्यावर दुधाळ, धुकट पडदा चढतो. दर दोन मिनिटांनी पट्ट्याच्या कोपऱ्यात स्वच्छ बोट एकदाच ओढून पाहावे. बोटामागे फरफटलेला, ओशट माग राहिला, तर सीलंट अजून तयार नाही. बोटामागे स्वच्छ, काळीभोर रेघ उमटली, तर पुसायची वेळ झाली. हा क्षण दोन्ही सीलंटसाठी किती मिनिटांनी आला, ते वहीत लिहावे. द्रावक बदललेल्या फॉर्म्युल्यात सर्वांत स्पष्ट फरक इथेच सापडतो, आणि जुन्याच्या सवयीने नवे सीलंट जास्त वेळ ठेवून दिले, तर ते घट्ट होऊन पुसताना जीव काढते. बाटलीवर नवी वेळ दिलेली असेल, तर तीच पाळावी. ‘हे तर आपलेच जुने सीलंट’ म्हणून सूचना वाचायचे टाळू नये.

पुसताना टेप जागेवरच असू द्यावी, आणि सगळे पट्टे पुसून झाल्यावरच ती उचलावी. टेपखालची बोट-दोन बोट रुंदीची कोरी रेघ तशीच राहू द्यावी. पाणी टाकल्यावर पट्ट्यांच्या सीमा तिच्यामुळे लगेच ओळखू येतात. वायपरखालचे काळे प्लॅस्टिक आधीच झाकावे, कारण त्याच्या खरखरीत पोतात सीलंट शिरले, की पांढरे डाग पडतात आणि ते काढणे कठीण जाते. तरीही थोडे सीलंट उरवून एखाद्या आडोशाच्या प्लॅस्टिकवर मुद्दाम लावून पाहायला हरकत नाही, कारण नवा फॉर्म्युला प्लॅस्टिकवर डाग पाडत नाही असा दावा असेल, तर तोही तपासला जातो.

त्यानंतर बाटलीवर दिलेल्या वेळेपर्यंत बॉनेट कोरडे राहू द्यावे. अनेक सीलंटना १२ ते २४ तास पाण्यापासून दूर ठेवावे लागते. दोन्हींच्या वेळा वेगळ्या असतील, तर जी जास्त असेल ती सगळ्यांसाठी पाळावी. दवही पाणीच आहे. गाडी छताखाली ठेवावी.

पहिल्या दिवशी निकाल देऊ नये

लावल्यानंतर चकाकी पाहण्याची घाई सर्वांनाच असते. नुकत्याच पॉलिश केलेल्या रंगावर कोणतेही दोन चांगले सीलंट नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणे फार अवघड आहे, आणि जो फरक दिसतो तो पुष्कळदा उजेडाच्या कोनाचा असतो. एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. सीलंट लावण्याआधी टॉर्चच्या झोतात प्रत्येक पट्ट्यावरचे बारीक गोलाकार ओरखडे टिपून ठेवावेत आणि नंतर पुन्हा पाहावेत. एखाद्या पट्ट्यावरचे ओरखडे एकदम दिसेनासे झाले, तर त्या फॉर्म्युल्यात भरणद्रव्य किंवा सौम्य घासणारा घटक असण्याची शक्यता आहे. भरणद्रव्याने झाकलेले ओरखडे काही धुलाईंनंतर परत दिसू लागतात, म्हणून या निरीक्षणाची तारीख लिहून ठेवावी.

गुळगुळीतपणा तपासायला मायक्रोफायबरच्या कापडाची सारखी घडी पट्ट्याच्या वरच्या टोकाला ठेवून सोडावी आणि ती कुठवर घसरते ते पाहावे. ही चाचणी ढोबळ आहे, पण बोटांच्या स्पर्शापेक्षा बरी, कारण बोटांवर घाम आणि तेल असते.

पाणी काय सांगते आणि काय सांगत नाही

पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो, तो ९० अंशांपेक्षा जास्त असेल तर पृष्ठभाग जलविरोधी मानतात. कोन जितका मोठा, तितका थेंब गोल आणि उभा. डोळ्यांना हे फार सुखावणारे दृश्य असते, आणि म्हणूनच जाहिरातीत तेच दाखवतात. पण थेंबाचा आकार म्हणजे संरक्षण नव्हे. साध्या सिलिकोन तेलाचा हात फिरवला तरी थेंब टपोरे बनतात, आणि ते तेल चार दिवसांत निघूनही जाते.

तरीही पाणी हे आपल्या हातातले सर्वांत चांगले साधन आहे. फक्त ते प्रत्येक वेळी सारख्याच रीतीने वापरावे. स्प्रेच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी घ्यावे, म्हणजे क्षारांचा प्रश्न उरत नाही. प्रत्येक पट्ट्यावर तेवढ्याच अंतरावरून तेवढेच फवारे मारावेत आणि छायाचित्र एकाच उंचीवरून, एकाच कोनातून घ्यावे. त्यानंतर प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या टोकाला सारखेच पाणी हळूहळू ओतून पट्टा मोकळा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजावे. थेंब गोल बनवणारे सीलंट आणि पाणी पटकन घसरवणारे सीलंट ही दोन वेगळी असू शकतात, आणि रोजच्या वापरात मला दुसऱ्याचे मोल जास्त वाटते. उन्हात थांबून राहिलेले टपोरे थेंब सुकले, की त्यांतले क्षार गोल पांढरे डाग होऊन मागे राहतात.

पुढचे आठवडे

चाचणी सुरू असेपर्यंत बॉनेट फक्त तटस्थ आम्लतेच्या, वॅक्स किंवा चमक वाढवणारे काहीही न मिसळलेल्या शांपूने धुवावे. सुकवताना क्विक डिटेलर (झटपट चमक देणारा फवारा) फवारायचा नाही, घाईत वॅक्सचा हात मारायचा नाही. प्रत्येक धुलाईची तारीख लिहावी आणि धुण्याआधी पट्ट्यांकडे नीट पाहावे, कारण धूळ कोणत्या पट्ट्यावर जास्त बसली, पावसानंतर ओघळांचे माग कुठे राहिले हे धुतल्यावर कळणार नसते. पक्ष्याची विष्ठा पडली, तर मात्र चाचणीची पर्वा न करता ती लगेच ओली करून उचलावी. ऊन लागलेल्या क्लिअर कोटवर ती कायमची खूण सोडते, आणि एवढे थोपवून धरणे कोणत्याही सीलंटला जमत नाही.

मधला कोरा पट्टा या काळात पहारेकऱ्याचे काम करतो. त्यावर अचानक थेंब टपोरे दिसू लागले, तर शांपू काहीतरी मागे सोडतो आहे असे समजावे आणि शांपू बदलावा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्यावर मी स्वतः एकदा फसलो आहे. एका सीलंटची नवी आवृत्ती मी गाडीभर लावली होती. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाणी पत्र्यावर फाकू लागले, थेंब चपटे आणि वेडेवाकडे झाले, आणि फॉर्म्युला बिघडवला असे ठरवून मी बाटली बाजूला ठेवून दिली. पुढे पॉलिश करण्याच्या तयारीसाठी मी त्याच गाडीवर आयर्न रिमूव्हर मारला आणि जरा तीव्र शांपूने ती धुतली. धुतल्यावर पाणी ओतले, तर दारांवर आणि बॉनेटवर पहिल्या आठवड्यासारखे गोल थेंब उभे राहिले. सीलंट गेलेले नव्हते. धुळीच्या, काजळीच्या आणि लोहकणांच्या सूक्ष्म थराखाली ते दबून गेले होते, आणि मी त्या थराला पाहून सीलंटचा निकाल देऊन बसलो होतो.

म्हणून पाण्याचे वागणे बिघडल्यावर त्याच क्षणी ‘संपले’ असे लिहू नये. आधी नेहमीच्या शांपूने धुवावे. तरीही थेंब आले नाहीत, तर पाचही पट्ट्यांवर आयर्न रिमूव्हर वापरावा, खंगाळावे आणि मग जरा तीव्र, पण रंगाला सुरक्षित अशा शांपूने धुऊन पुन्हा पाणी ओतावे. थेंब परतले, तर सीलंट शाबूत आहे, फक्त लवकर मळते आहे, आणि तीही नोंद उपयोगाचीच आहे. थेंब परतले नाहीत आणि तो पट्टा कोऱ्या पट्ट्यासारखा वागू लागला, तर त्याचा काळ संपला. हा तीव्र उपाय वारंवार करू नये, कारण त्याने सीलंट थोडेफार झिजतेच. आणि जेव्हा कराल तेव्हा सर्व पट्ट्यांवर एकदमच करावा, अन्यथा तुलना तिथेच मोडते.

क्षारांचे डाग पडले, तर पाण्यात निम्मे मिसळलेले पांढरे व्हिनेगर कापडावर घेऊन क्षणभर टेकवावे आणि लगेच धुवावे. हेही पाचही पट्ट्यांवर.

नोंदी कशा वाचाव्यात

आता पाकीट उघडावे. जुन्याचे दोन पट्टे आधी एकमेकांशी ताडून पाहावेत, तसेच नव्याचे दोन. एकाच सीलंटच्या दोन पट्ट्यांमध्ये, समजा, तीन आठवड्यांचा फरक पडला असेल आणि जुन्या-नव्यात दोनच आठवड्यांचा दिसत असेल, तर फॉर्म्युल्यात फरक आहे असे म्हणता येत नाही. तो फरक जागेचा, हाताचा किंवा पुसण्याचा आहे. नव्याचे दोन्ही पट्टे जुन्याच्या दोन्ही पट्ट्यांच्या आधी संपले असतील, तर मात्र ते गांभीर्याने घ्यावे आणि डिकीच्या झाकणावर लावण्याचा क्रम बदलून एकदा पुन्हा तपासावे.

फरक सापडला तरी निवड आपापल्या वापरावर ठरते. जो माणूस दर महिन्याला गाडीवर हात फिरवतो, त्याला दोन आठवडे कमी टिकणारे पण झरझर पुसले जाणारे नवे सीलंट जास्त परवडते. ज्याची गाडी सतत उघड्यावर उभी असते आणि वर्षातून दोनदाच तिला वेळ मिळतो, त्याने पुसण्याचे कष्ट विसरून टिकाऊपणाकडेच पाहावे. गाडी रहदारीच्या रस्त्यावर सतत तेलकट धुराळ्यात फिरत असेल, तर थेंबांच्या छायाचित्रांपेक्षा ‘धुण्याआधी कोणता पट्टा जास्त मळला होता’ या नोंदीला जास्त वजन द्यावे.

निर्णय झाल्यावर बॉनेटवरचे पट्टे तसेच ठेवून वर दुसरा थर चढवू नये. हलके पॉलिश करून सर्व पट्टे एकसारखे कोरे करावेत, पॅनेल वाइपने पुसावे आणि निवडलेले सीलंट संपूर्ण बॉनेटवर लावावे. जुन्या सीलंटचे थोडे द्रव उरले असेल, तर ते टाकून देऊ नये. बाटलीचे झाकण घट्ट लावून, तिच्यावर तारीख आणि बॅच क्रमांक लिहून ती उन्हापासून दूर ठेवावी. फॉर्म्युला पुन्हा बदलला, तर पहिल्या पट्ट्यासाठी तीच बाटली लागणार आहे.